मागे होय म्हणायला

१

स्पीकर नवा असो नाहीतर जुना, मी आधी त्याला पेन्सिल सेल लावतो. दोन वायरी आणि भिंतीवरच्या घड्याळात घालतात तो सेल. वायर टेकवली की स्पीकरचा पडदा टक्कन बाहेर यायला पाहिजे. आत गेला तर प्लस-मायनस उलटं आहे. पाठीमागे लाल-काळी खूण केलेली असते, पण मी खुणेवर विश्वास ठेवत नाही. खूण करणारा कुठल्यातरी कारखान्यात बसून पेंगत असतो. पडदा पेंगत नाही.

हे काम मी जोगेश्वरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत करतो. गाड्यांना आवाज बसवतो. रिक्षा, टेम्पो, लग्नाच्या बस, सगळं केलं. इस्टेट आता रिकामी आहे. बिल्डरने लोकांना दुसऱ्या जागा दिल्या, कोणी वसईला गेलं, कोणी भिवंडीला, आणि मागे गाळ्यांना पत्रे ठोकले. माझी कोर्टात केस वगैरे काही नाही. मी फक्त उठलो नाही. मीटर चालू आहे, पोटमाळ्यावर झोपतो, नळाला सकाळी पाणी येतं. पोरगी अक्षता पनवेलला असते. ती फोनवर म्हणते, "बाबा, तिथे आता कुत्रं पण फिरकत नाही. एकटे काय करता?" मी म्हणतो, "कुत्रं नाही तेच बरं. वायरी खातं." मग ती फोन ठेवते.

शेजारच्या गाळ्यात नंदूची लेथ होती. लेथ गेली, नंदू गेला. जमिनीवर तेलाचा डाग राहिलाय, बरोब्बर लेथच्या आकाराचा.

माझी एक रीत आहे. गाडीचं काम पुरं झालं की बोनेटसमोर नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. मी कणकवलीकडचा. आमच्यात काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही, आणि ते एकट्याने घालता येत नाही. एकाने मागायचं आणि थांबायचं. मागे उभे असलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." मागून होय आलं नाही तर मागितलेलं तिथेच पडतं, देवापर्यंत पोचत नाही. माझ्या मागे नंदू असायचा, उत्तरेकडचा एक वेल्डर असायचा, समोरचा खोकीवाला गुजराती, चहावाला. माझी मालवणी कोणाला कळायची नाही. मी काय मागतोय ते माझं मला ठाऊक. मी थांबलो की ओरडायचं, एवढं सगळ्यांना कळायचं.

आता मागे कोणी नाही. हल्लीच्या गाड्या मी नुसता नारळ फोडून सोडतो.

२

सुयोग पिकअप घेऊन आला तेव्हा मे महिना होता. गल्लीत गाडी उलटी घेताना त्याने नंदूच्या गाळ्याचा पत्रा घासला.

"दिसतं का रे?" मी म्हटलं.

"सॉरी काका. गाडीला आवाज बसवायचा होता."

"आहे की आवाज. त्या पत्र्याला विचार."

तो हसला. ओरडलं की हसणारी पोरं मला आवडत नाहीत, पण हा नीट हसला. गोरेगावला संतोषनगरात राहतो. स्टुडिओतलं सेटचं सामान मढच्या बंगल्यांवर पोचवायचा, पण त्या धंद्यात आता गाड्या फार झाल्या. म्हणून त्याला पिकअप हळदीला लावायची होती. मागे हौद्यात मोठे बेसचे स्पीकर, वर बारीक आवाजाचे टॉप, केबिनमध्ये मिक्सर, सोबत माईक. नवरदेवाच्या दारात उभं राहायचं आणि बिल्डिंग हलवायची.

"लोकांचे कान फुटतील."

"मग काय काका, हळदीत कान घेऊन कोण येतं?"

आडनाव विचारलं तर परब म्हणाला. आजोबा मालवणकडून आले, गिरणीत लागले, मग गिरणी गेली आणि गाव पण सुटलं.

"मालवणी येते?"

"आजीला यायची. मला एकच येतं."

"काय?"

त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि पत्रे दणाणतील असा ओरडला, "व्हय म्हाराजा." लहानपणी एकदा गणपतीला गावी नेलं होतं म्हणे. काय चाललंय ते कळत नव्हतं, पण सगळ्या पोरांत ह्याचा आवाज मोठा म्हणून काकांनी पुढे उभा केला होता.

मला हसू आलं. दाखवलं नाही. म्हटलं, "गाडी ठेवून जा. आणि रोज येऊन माझं डोकं खाऊ नकोस."

तो रोज आला. दुपारी यायचा, स्टुलावर बसायचा, डोकं खायचा. नवीन लग्न झालं होतं, बायको श्रुतिका पॅथॉलॉजीत रक्त घ्यायचं काम करते. "घरात पण मला सुईने बघते काका." दिवेलागणीला तिचा फोन यायचा आणि हा उठून पँट झटकायचा. माझ्याकडे चहाचा एकच ग्लास होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी नंदूच्या गाळ्याचा पत्रा वाकवून आत गेलो, त्याचे सोडून दिलेले ग्लास कपाटात होते, त्यातला एक घासून आणला. सुयोगला म्हटलं, "ह्यातच पी. माझ्या ग्लासाला हात लावू नकोस."

"बायको परवडली," तो म्हणाला.

३

पिकअपचा पत्रा म्हणजे डबा. त्यात बेस वाजवला की दरवाजे आधी वाजतात. म्हणून मी दरवाज्यांच्या पोटात, छताला, पायाखाली डांबराची जाड शीट मारतो. सगळे करत नाहीत. गिऱ्हाइकाला दिसत नाही ना.

ह्या गाडीला मारली तेव्हा दार लावून आत बसून बघितलं, कुठे खडखडतंय का. दार लागलं आणि इस्टेट गेली. हायवेचा आवाज तर गेलाच, पत्र्यावरच्या कबुतरांचा पण गेला. माझा श्वास तेवढा राहिला. असं कधी झालं नव्हतं. शीट तीच, हात तेच.

बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. रिकाम्या जागेत एकटं असणं वेगळं आणि छोट्या जागेत एकटं असणं वेगळं. छोट्या जागेत कोणी नसलं तरी जागा भरलेली वाटते.

सुयोग आला, काचेवर टकटक केली. मला ऐकू आली नाही. मान वळवली तर काचेपलीकडे त्याचे ओठ हलताना दिसले. दार उघडल्यावर म्हणतो, "काका, केव्हापासून हाका मारतोय. आत कोणाशी बोलत होता?"

"कोणाशी बोलणार?"

"ओठ हलत होते तुमचे."

माझे ओठ हलत नव्हते. मी त्याला म्हटलं, काचेत तुझेच दिसले असतील. काचेत तसं होतं. त्याने मान हलवली आणि चहाचं विचारलं.

४

स्पीकर बसले, वायरिंग झालं, सुयोग त्या दुपारी मीरा रोडला हळदीचं बोलणं करायला गेला होता. मी माईक लावला.

माईक तपासताना पोरं हॅलो हॅलो, चेक चेक करतात. त्यातून काही कळत नाही. माईकला लांब वाक्य लागतं, चढउतार लागतो. मी गाऱ्हाणं म्हणतो. गल्लीत गाडी, मी गाळ्याच्या दारात माईक घेऊन उभा.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. सवयीने थांबलो.

हौद्यातून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मोठा नव्हता. माझ्या वयाच्या माणसाचा, जरा घाईतला, मागच्या रांगेत उभा राहून म्हणतात तसा.

माझं पहिलं म्हणणं, एको चालू राहिलाय. मिक्सरमध्ये एकोचं बटण असतं. पण एको माझेच शब्द परत देईल. उत्तर देणार नाही. दुसरं, ब्लूटूथ. पलीकडच्या चाळीतल्या कोणा पोराचा मोबाईल जोडला गेला असणार आणि तो पोरगा बसून माझी मजा करतोय. मी ब्लूटूथ बंद केलं. तिसरं, बिनवायरीच्या माईकची भानगड, जवळपास एखाद्या मंडपात तसाच माईक असला की त्याचं आपल्यात घुसतं. पण माझा माईक वायरीचा होता. तरी मी तो काढला. अँप्लिफायर बंद केला, त्याचा पंखा फिरायचा थांबला, लाल दिवा गेला.

मग हौद्यात चढून बेसच्या समोर उकिडवा बसलो आणि हळू, शेजारच्याला सांगावं तसं म्हटलं, "बा देवा म्हाराजा."

काही नाही. म्हटलं, बघ, पोरगाच होता.

उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला आणि तेवढ्यात मोठ्या बेसचा पडदा टक्कन बाहेर आला. आवाज नाही, नुसता बाहेर आला आणि परत जागेवर गेला. सेल लावल्यावर येतो तसा.

सेल माझ्या शर्टाच्या खिशात होता.

५

शहाण्या माणसाने गाडी परत केली असती. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सुयोग गेल्यावर, परत केबिनमध्ये जाऊन बसलो. दार लावलं.

मी भित्रा नाही आणि भाविक पण बेताचाच. पण किती दिवसांत कोणी माझ्या मागे उभं राहून होय म्हटलं नव्हतं. अक्षता सगळ्याला नाही म्हणते. बाबा, नाही. बाबा, असं नसतं. बिल्डरचा माणूस येतो तो पण नाही म्हणायलाच येतो. मी मागायला लागलो. साध्या गोष्टी. गुडघा जरा हलका कर, म्हाराजा. होय आलं. नळाचं पाणी टिकव. होय आलं. पोरीची नोकरी सांभाळ. होय. मी चालूच ठेवलं, संध्याकाळ गेली कधी ते कळलं नाही, पोट रिकामं आहे ते पण कळलं नाही.

मग रोज संध्याकाळी बसायला लागलो. एक लक्षात आलं. पहिल्या दिवशी मी थांबलो की उत्तर यायचं. आता मी थांबायच्या आधीच यायला लागलं. मी काय मागणार ते ठाऊक असल्यासारखं.

शेवटच्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलं नव्हतं. सुयोगचा ग्लास धुवायचा राहिला होता, डॅशबोर्डवर होता, तळाला चहाची पूड. त्याचं काम दुसऱ्या दिवशी संपणार होतं. मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, कोणीतरी सोबतीक दी."

उत्तर आलं नाही. पहिल्यांदाच आलं नाही. मी वाट बघितली. केबिनमध्ये माझा श्वास ऐकू येत होता आणि थोड्या वेळाने मला कळलं की मी श्वास धरून ठेवलाय.

मी दार उघडून उतरलो, ते जवळजवळ पडलोच.

६

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, सगळं उपटायचं. का, ते मला सांगता येत नव्हतं. दुपारी सुयोग आला तेव्हा मी पक्कड हातात घेऊन बोनेटजवळ उभा होतो.

"हे बसणार नाही," मी म्हटलं. "खराब माल आहे. काढतो."

"काय बोलताय काका? उद्या हळद आहे. मी शब्द दिलाय."

"शब्द परत घे."

"असा घेतात का? श्रुतिकाच्या मामाकडची हळद आहे, लग्नात पहिला हार त्याने घातला मला." तो माझ्याकडे बघत राहिला, मग मोठ्या माणसाची समजूत काढतात तशा आवाजात म्हणाला, "बरं नाही वाटत का? तुम्ही बसा. मी मागे लाईटची पट्टी लावतो तोवर. नंतर दोघं मिळून बघू."

तो हौद्यात चढला, बेसच्या खोक्यामागे दिसेनासा झाला. पट्टीचा चिकट कागद फाडल्याचा आवाज आला. मी बॅटरीकडे वळलो, जाड वायरीवर पक्कड ठेवली आणि दाबली. वायर तुटली.

तेव्हा आवाज सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा."

सगळ्या स्पीकरमधून, नीट, खणखणीत. तो माझा आवाज होता. तोंड माझं बंद होतं, पक्कड हातात, आणि माझा आवाज माझ्या समोरच्या गाडीतून येत होता. अँपमध्ये थोडा करंट उरतो, हे मी धरून चाललो. दोन शब्द निघू शकतात. मिक्सरमध्ये माझं कालचं बोलणं रेकॉर्ड झालं असेल, हे पण धरलं.

आवाज थांबला. जिथे थांबायचं तिथेच.

"व्हय म्हाराजा," हौद्यातून सुयोग ओरडला. हसत होता. "मस्त आलाय काका आवाज. एकदम क्लिअर."

त्याला वाटलं, माईकवर मी आहे. वाटणारच. त्याने दुसरं काय समजावं?

"सुयोग, गप्प बस," मी म्हटलं. माझा आवाज निघाला तो घोगरा, लहान. गाडीतला माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता.

"ह्यो म्हातारो हय एकटो पडलो हा, म्हाराजा. तेका कोण नाय."

"व्हय म्हाराजा."

हे मी मागितलं नव्हतं. असं मी कधी कोणापुढे म्हटलेलं नाही, केबिनमध्ये पण नाही. मी गाडीच्या मागे जायला निघालो. गुडघा हलका झाला होता, तेवढं कबूल करतो, धावता आलं. फाळका पाडला, हौद्यात हात टेकून वर चढलो. तो पाठमोरा, डोक्यावर टॉवेल, लाईटची पट्टी दाबत होता.

"ह्यो झील रोज येता नि सांजच्याक माघारी जाता. तेका माघारी जाव दिव नको. सुयोगाक हयच ठेव, म्हाराजा. म्हाताऱ्याच्या सोबतीक."

ज्याला मालवणी येते त्याला कळलं असतं की हा पोरगा रोज येतो आणि परत जातो, त्याला जाऊ देऊ नको, इथेच ठेव, एवढंच मागणं आहे. ह्याला येत नव्हती; नाव ऐकलं असेल, पण गाडीवाल्याचं नाव गाऱ्हाण्यात येतंच. ह्याला एवढंच कळलं की आवाज थांबला आणि आता आपलं आहे. त्याने मान वर केली, छाती भरली.

मी त्याच्या तोंडावर हात दाबला.

ते माझ्या तळहातात आलं. त्याचे ओठ हलले आणि शब्द पूर्ण गरम लागला, व्हय पण आणि म्हाराजा पण.

त्याने माझा हात बाजूला केला. "काका, श्वास कोंडला ना. काय झालं?" मग त्याने माझा दुसरा हात बघितला. त्यात पक्कड होती, माईक नव्हता. बोनेटकडे बघितलं, तिथे कोणी नव्हतं. "रेकॉर्डिंग लावलं होतं का?"

"नाही म्हण," मी म्हटलं.

"कोणाला?"

"कोणाला पण. मोठ्याने म्हण. नाही म्हण."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाऱ्हाण्याला कोणी नाही म्हणतं का, काका? लहानपणी तेवढंच तर शिकवलं होतं."

मी त्याला सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, उलटसुलट. तो ऐकत होता, टॉवेलने माझं तोंड पुसत होता, आणि मला दिसत होतं की तो मनात अक्षताचा नंबर कसा मिळवायचा ते ठरवतोय. शेवटी त्याने तुटलेली वायर जोडून टेप मारली आणि किल्ली फिरवली. मी म्हटलं, सरळ घरी जा. म्हणाला, घरीच चाललोय, हळद झाली की येतो तुम्हाला बघायला. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली, वळली, गेली. गेली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग गाळ्यात येऊन खूप वेळ हात धुतला.

तळहातात दाबलेलं होय पोचतं का, ह्याचा मी खूप विचार केला. तोंड झाकलेलं होतं. आवाज धड बाहेर पडलाच नव्हता. माझं म्हणणं, नाही पोचत.

७

दोन दिवस कोणी आलं नाही. मला बरंच वाटलं. तिसऱ्या दुपारी नळाला फडकं बांधत होतो, मागे वळलो तर गल्लीत पिकअप उभी.

येताना ऐकू आली नव्हती. तिचा सायलेन्सर असा की हायवेवरून ऐकू येईल. आणि आली होती ती सरळ, नंदूच्या पत्र्याला न लागता, गल्लीत कोणाला जमणार नाही इतकी सरळ. बोनेटला झेंडूची माळ होती, सुकलेली. बोनेटवर हात ठेवला. ऊन भाजत होतं आणि बोनेट माठासारखं गार.

काचा वर होत्या. सुयोग आत स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता, समोर बघत. कानामागे हळद लागलेली.

"आलास?" मी म्हटलं.

"व्हय म्हाराजा."

तो माझ्याकडे वळला नाही, आणि आवाज केबिनमधून आला नाही. मागून आला, हौद्यातून.

"चेष्टा पुरे. खाली उतर."

"व्हय म्हाराजा."

उतरला नाही. मी दार ओढलं, उघडेना. काचेवर टकटक केली. मग आठवलं, आतून काही ऐकू येत नाही. शीट मीच मारली आहे.

"चहा घेतोस का?"

"व्हय म्हाराजा."

मी चहा केला. काय करणार होतो? त्याच्या ग्लासात ओतला आणि फुटबोर्डवर ठेवला, माझा घेऊन स्टुलावर बसलो. बोलत राहिलो. हळद कशी झाली, श्रुतिका कशी आहे, पत्र्याला लावली नाहीस ह्या वेळी, शाब्बास. प्रत्येक वेळी मागून होय आलं. कोणी दुरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याला बरी सोबत आहे.

दिवेलागण झाली. मी म्हटलं, "आता घरी जा रे बाबा."

"व्हय म्हाराजा."

गेला नाही. फुटबोर्डवरचा चहा तसाच होता. वर साय धरली होती, आणि ती साय मधूनमधून थरथरत होती, बेस वाजताना पाणी थरथरतं तशी. आवाज मात्र कसलाच नव्हता.

८

फोन आला तेव्हा अंधार पुरता पडला नव्हता अजून. नंबर ओळखीचा नव्हता.

"दशरथकाका का? मी श्रुतिका. सुयोगची मिसेस." पोरीचा आवाज रडून झाल्यानंतरचा होता. "हळदीवरून तो घरी आलाच नाही. फोन लागत नाही, सगळीकडे विचारलं. तुमच्याकडे यायचं म्हणत होता. आहे का तिथे?"

मी गाडीकडे बघितलं. "आहे."

तिने श्वास सोडला. मग म्हणाली, "द्या ना त्याला, प्लीज."

मी काचेजवळ गेलो. तो तसाच बसला होता. फोन कुठे धरावा ते कळेना. काचेला धरून उपयोग नव्हता, म्हणून मागे गेलो आणि हौद्याकडे धरला. म्हटलं, "सुयोग, श्रुतिका विचारते, घरी येतोस का?"

"व्हय म्हाराजा."

फोन कानाला लावला.

"काका," ती म्हणाली, "का असं करताय? हा तुमचाच आवाज आहे."

"माझा नाही, पोरी."

"मला कळतो ना त्याचा. हे तुम्हीच बोललात." ती परत रडायला लागली, मग स्वतःलाच गप्प केलं. मागे कोणीतरी तिला काहीतरी सांगत होतं, एकटी जाऊ नकोस असं काहीतरी. ती त्यांना म्हणाली, नाही, मी जाते, म्हातारे आहेत, एकटे असतात. मग मला म्हणाली, "मी येऊ का तिकडे?"

आणि थांबली.

नको म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता, साधा, मी आयुष्यभर लोकांना तोच म्हणत आलोय. हौद्यातला मोठा पडदा टक्कन बाहेर आला आणि ह्या वेळी परत गेला नाही, तसाच बाहेर राहिला, कोणी सेल टेकवून धरल्यासारखा. केबिनच्या मागच्या काचेतून सुयोगचं डोकं दिसत होतं. ते हळूहळू माझ्याकडे वळायला लागलं. ते पूर्ण वळेपर्यंत मी बघितलं नाही.

मी काय म्हणालो ते मला ऐकू आलं नाही. पोरीला आलं असावं, कारण ती म्हणाली, "निघते," आणि फोन ठेवला.

मी नंदूच्या गाळ्यात गेलो, कपाटातून आणखी एक ग्लास शोधला आणि नळाखाली घासायला बसलो.